पणाचा हिशेब

कार्तिक शुद्ध प्रतिपदेस द्यूतप्रतिपदा असेंही म्हणतात. त्या दिवशीं आमच्या आष्ट्याच्या घरीं चिंचोके पणास लावून पत्ते खेळत. मी हरलों कीं चिडून पुढचा पण दुप्पट करीत असें, आणि ओंजळ रिकामी करून उठत असें.

सभापर्वांत धर्मराजानें हेंच केलें. शकुनि कपटी खरा. परंतु द्रौपदीपर्यंतचा प्रत्येक पण लावला तो धर्मराजानेंच.

याच्या उलट वनपर्वांतील नल. ऋतुपर्ण राजानें एका बेहड्याच्या झाडाच्या पानाफळांची संख्या रथांतूनच सांगितली. नलानें मोजून पाहिली, ती जुळली. त्या काळीं बेहड्याचीं फळेंच फांसे म्हणून वापरीत. नलानें अश्वविद्या देऊन ही अक्षविद्या घेतली व गेलेलें राज्य एका डावांत परत मिळविलें. युरोपांत या गणितास शास्त्ररूप आलें तें १६५४ सालच्या पास्कल व फर्मा यांच्या पत्रव्यवहारानें.

पांच पत्त्यांचा पोकरही याच हिशेबावर चालतो. हातांत चार पत्ते इस्पिकचे असून पांचवा बदलून घ्यावयाचा असेल, तर न पाहिलेल्या ४७ पत्त्यांत इस्पिकचे ९ असतात. मध्यें सांचलेली रक्कम आपणांस घालावयाच्या रकमेच्या निदान सव्वाचार पट नसेल, तर पत्ते खालीं ठेवावे. मागें किती हरलों, याला या हिशेबांत स्थान नाहीं.

नलकथा बृहदश्व ऋषीनें वनवासांत धर्मराजासच सांगितली व शेवटीं त्यास अक्षविद्याही शिकविली. ती मिळाली राज्य गेल्यानंतर. आमचे गेले ते चिंचोकेच. म्हणून मुलांस हा हिशेब चिंचोक्यांवरच शिकवावा, असें मला वाटतें.