चंची, बटवा आणि नगाचा दर

इतिहासाच्या व्याख्यानाला तलवारी आणि तहनामे यांच्या अपेक्षेने आलेल्या श्रोत्यांची आज थोडी निराशा होणार आहे. आम्ही बोलणार आहोत ते कापडाच्या कप्प्यांविषयी: चंची, बटवा आणि भिंतीला टांगावयाची कप्प्यांची पिशवी यांविषयी. घरातील बारीकसारीक जिन्नस जागच्या जागी राहावेत म्हणून बायकांनी शिवलेल्या या वस्तू. शिवणारीचे नाव इतिहासात नाही हे एक वेळ समजू शकते. पण या वस्तू विकल्या जाऊ लागल्यावर हिशेबातही तिचे श्रम आले नाहीत, ही आमची तक्रार आहे.

चंचीचीच गोष्ट घ्या. जाड कापडाचा हातभर पट्टा, आतून अस्तर, ओळीने बसविलेले तीनचार कप्पे आणि टोकाला नाडी. एका कप्प्यात पाने, दुसऱ्यात सुपारी, तिसऱ्यात कात, चौथ्यात तंबाखू व चुन्याची डबी. गुंडाळी करून नाडी आवळली की कमरेला खोचून माणूस शेतावर जावयास मोकळा. न बघता बोटे हव्या त्या कप्प्यात जावीत, अशी तिची आखणी. श्रीमंतांची पानदाने पितळेची आणि चांदीची, म्हणून ती संग्रहालयांत जाऊन बसली. चंची फाटली की तिचे पोतेरे झाले.

बटव्याचे तसेच. आजीबाईचा बटवा म्हटला की सुंठ, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ सर्वांना आठवते. बटवा शिवला कोणी हे कोणी विचारीत नाही. त्याच्या नेफ्यातून दोन नाड्या परस्परविरुद्ध दिशांनी ओवाव्या लागतात, तेव्हाच दोहोंकडून ओढल्यावर तोंड नीट मिटते. एकाच नाडीवर भागविले तर तोंड एका बाजूला गोळा होते आणि जिन्नस सांडतो. ही युक्ती मायलेकींच्या हातांतून पुढे आली. पुढे इंग्रजांच्या फौजेतही असाच प्रकार सापडतो. गोऱ्या शिपायाच्या सामानात सुया, दोरा, बटणे ठेवण्याची कापडी गुंडाळी असे, अगदी आपल्या चंचीची बहीण शोभेल अशी. तिला नावच होते ‘हाऊसवाइफ’. गृहिणी घरी राहिली आणि तिचे नाव तेवढे लढाईवर गेले!

मग यंत्र आले. अमेरिकेत एलियास हौ याला १८४६ साली व आयझॅक सिंगर याला १८५१ साली शिवणयंत्राचे पेटंट मिळाले. परंतु यंत्र घरोघर नेले ते हप्त्याने. सिंगर कंपनीने १८५६ पासून हप्त्यावर विक्री सुरू केली. आपल्याकडे यंत्र प्रथम शिंप्याच्या दुकानात बसले. स्त्रियांपर्यंत ते पोचविण्यात शिवणवर्गांचा वाटा मोठा. रमाबाई रानडे यांच्या प्रेरणेने १९०९ साली पुण्यात निघालेल्या सेवासदनासारख्या संस्थांनी शिवणकाम हे स्त्रीच्या स्वावलंबनाचे साधन मानले. तरीही घरच्या यंत्रावर शिवलेले बरेचसे देण्यातच जाई: बारशाची कुंची, दुपटे आणि लग्नाच्या रुखवतातल्या पिशव्या व बटवे. रुखवतापुढे उभे राहून नवऱ्यामुलीच्या हाताचे कौतुक होई, आणि तेवढी पावती पुरे होती. देण्यासाठी शिवलेल्या वस्तूला दर नसतो, याबद्दल आमचे काही म्हणणे नाही.

दर आला तो गिरणगावात, आणि आमच्या घरी तो १९८२ साली आला. त्या वर्षीच्या १८ जानेवारीला मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. वडील घरी बसले आणि आईच्या यंत्राला बसावयास फुरसत राहिली नाही. ठेकेदार कापलेले तुकडे गोणीतून टाकून जाई. त्याच्या भिंतीच्या पिशव्या करावयाच्या. शहरात त्या दिवाळीच्या भेटीदाखल खपत. मजुरी डझनावारी, दोरा आईचा, आणि टीप वाकडी गेलेला नग परत. आम्ही शाळकरी पोरे नाड्या ओवीत असू.

अशा पिशवीत काम किती असते ते सांगतो. तीन ओळींत तीन-तीन, असे नऊ कप्पे धरा. कप्प्यांची पट्टी पाठच्या कापडापेक्षा लांब घ्यावी लागते. दर कप्प्याला दोन बोटे जास्त धरून दोन्ही अंगांना चूण घालावयाची, नाही तर कप्पा सपाट बसतो आणि त्यात कागदाशिवाय काही मावत नाही. म्हणजे अठरा चुणा. प्रत्येक ओळीला वरच्या काठाचा गोट, खालची टीप आणि मधल्या दोन उभ्या टिपा, मिळून चार. तीन ओळींच्या बारा. चारी कडांच्या गोटाच्या चार आणि टांगावयाच्या दोन फाशांच्या दोन. अठरा चुणा आणि अठरा टिपा. हा हिशेब गोट एका टिपेत बसविणाऱ्या कसबी बाईचा. नवशिकीला दोन टिपा लागतात. ठेकेदाराच्या वहीत मात्र लिहिलेले असे: एक नग.

घरी बसून काम करणारीची संघटना होत नाही, असे आमच्या चळवळीतली जाणती माणसेही म्हणत. इला भट्ट यांनी १९७२ साली अहमदाबादेत ‘सेवा’ स्थापून ते खोटे ठरविले. तेथे गिरण्यांच्या चिंध्या जोडून गोधड्यांच्या खोळी शिवणाऱ्या बायका, बहुतेक मुसलमान, व्यापाऱ्यांपुढे दरासाठी उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपली सहकारी संस्थाही काढली. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने घरकामगारांचा ठराव, क्रमांक १७७, १९९६ साली संमत केला. त्यावर भारत सरकारची मान्यतेची मोहोर उमटलेली नाही.

पुढे आम्ही याच कामात पडलो. उपनगरातल्या एका वस्तीत पंधरावीस बायका अशाच पिशव्या शिवीत. दर वाढवावयाचे नाव काढले की ठेकेदार म्हणे, “बाया घरीच असतात, वेळ जातो त्यांचा. वर चार पैसे मिळतात ते काय कमी आहेत?” बोलण्याने निभाव लागेना. तेव्हा एका बाईने त्याचाच पसंत केलेला नग पुढ्यात घेतला आणि म्हणाली, “भाऊ, शेठना मोजायला सांगा.” ती ब्लेडने एकेक टीप उसवीत गेली आणि तो मोजीत गेला. अकराव्या टिपेला तो थांबला. ती थांबली नाही. शेवटी पुढ्यात चार पट्ट्या, दोन फास आणि गोटाचे तुकडे उरले.

त्या दिवशी मागितले होते त्याच्या निम्मेच वाढवून मिळाले. दोरा मात्र तेव्हापासून ठेकेदाराचा झाला. उसवलेला नग पुन्हा शिवून देण्याचे पैसे त्या बाईने निराळे मागितले, आणि तेही घेतले.