प्रार्थनेचा इतिहास कसा लिहायचा? कुंडलिकेच्या मुखावरचं एक गाव



पेटची तयारी करणारे बरेच जण एक प्रश्न फिरवून फिरवून विचारतात: "इतिहासात पीएचडी करायची आहे, पण विषय श्रद्धेचा आहे. चालेल का? त्याला पुरावा कुठून आणायचा?" आज त्यावरच लिहिते. उदाहरण म्हणून ख्रिस्ती जीवनातली प्रार्थना घेऊ. माझं स्वतःचं कामही त्याच्या जवळपासचंच आहे, आणि या विषयात मी जी चूक केली ती तुम्ही करू नये एवढीच इच्छा.

आधी चूक सांगते. माझ्या पहिल्या प्रश्नावलीत तिसरा प्रश्न असा होता: "प्रार्थनेमुळे तुम्हाला काय मिळालं?" मला वाटलं होतं, काय नेमका प्रश्न आहे! उत्तरं येतील, तक्ता करू, टक्केवारी काढू. गाईडनी तो प्रश्न लाल पेनाने खोडला आणि बाजूला एकच शब्द लिहिला: "गॅल्टन?"

घरी येऊन शोधलं. फ्रान्सिस गॅल्टन हे संख्याशास्त्रातलं मोठं नाव. १८७२ साली त्यांनी प्रार्थनेच्या परिणामकारकतेवर एक लेख लिहिला. युक्तिवाद साधा होता. इंग्लंडमध्ये राजाच्या दीर्घायुष्यासाठी चर्चमध्ये दर आठवड्याला जाहीर प्रार्थना होते. मग राजघराण्यातले लोक इतर वरिष्ठ वर्गातल्या लोकांपेक्षा जास्त जगायला हवेत. आकडे पाहिले तर उलटंच निघालं. निष्कर्ष: प्रार्थनेचा उपयोग दिसत नाही.

आता तुम्ही म्हणाल, यात चुकीचं काय? आकडेमोडीचं सोडा, खरी अडचण प्रश्नातच आहे. गॅल्टननी प्रार्थनेला अर्ज समजून घेतलं. अर्ज केला, मंजूर झाला की नाही, एवढंच मोजलं. पण ज्या लोकांची प्रार्थना आपण अभ्यासतो आहोत, ते तिला अर्ज समजतात का? ख्रिस्ती परंपरेतला सगळ्यात गाजलेला प्रसंग बघा. अटकेच्या रात्री येशू गेथशेमाने बागेत प्रार्थना करतो. हे दुःख माझ्यावरून टळू दे असं मागतो, आणि त्याच दमात, माझ्या नव्हे तर तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे असंही म्हणतो. दुःख टळत नाही. दुसऱ्या दिवशी त्याला क्रूसावर चढवतात. म्हणजे ख्रिस्ती माणूस ज्या प्रार्थनेकडे नमुना म्हणून बघतो, तिच्यातलं मागणं पुरं झालेलंच नाही! तिचं सामर्थ्य त्याच्या लेखी निकालात नसतं, मागणारा शेवटी जिथे येऊन उभा राहतो तिथे असतं. शिवाय ख्रिस्ती प्रार्थनेत मागणं हा एकच भाग. स्तुती, पापाची कबुली, उपकार मानणं, दुसऱ्यासाठी रदबदली हे सगळं तिच्यात येतं. यातलं काहीही "काय मिळालं?" या रकान्यात बसत नाही.

देवाने ऐकलं का, हे इतिहासकाराला सांगता येत नाही. ऐकलं नाही, हेही सांगता येत नाही. ते आपलं क्षेत्रच नव्हे. मग आपल्या हातात काय उरतं? भरपूर उरतं. प्रार्थना कोण म्हणतं, कुठे, दिवसाच्या कोणत्या वेळी, कोणाबरोबर, आणि कोणत्या भाषेत? हे पाच प्रश्न धरले की प्रार्थनेच्या खुणा दिसायला लागतात. त्यातला भाषेचा प्रश्न घेऊन आपण एका गावात जाऊ. फार लांब नाही.

मी धाटावची. आमच्या एमआयडीसीच्या कडेने कुंडलिका वाहते. तीच पुढे रोह्यावरून जाते, खाडी होते आणि समुद्राला मिळते. मुखाच्या उत्तरेला रेवदंडा, दक्षिणेला कोर्लई. कोर्लईचा किल्ला ट्रिपला जाऊन तुम्ही पाहिलाही असेल. पण किल्ल्याच्या पायथ्याच्या गावात जी ख्रिस्ती वस्ती आहे, तिची बोली कितीजणांनी ऐकली आहे? तिथले लोक तिला "नोव लिंग", म्हणजे "आपली भाषा" म्हणतात. ती पोर्तुगीजमधून जन्मलेली मिश्र भाषा आहे. बोलणारे साधारण हजारभर. शब्द बरेचसे पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी.

आता काळ लावून बघा. पोर्तुगीजांनी चौलला किल्ला बांधायला घेतला १५२१ मध्ये. कोर्लईची टेकडी निजामशाहीकडून घेतली १५९४ मध्ये. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि १७४० च्या तहाने चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. सत्ताधारी पोर्तुगीज निघून गेले. मागे राहिले ते इथलेच, बहुतेक गरीब, धर्मांतरित लोक. सत्ता गेली, सैन्य गेलं, व्यापार गेला. चहूकडे मराठी. असं असताना ही भाषा आणखी अडीचशेहून अधिक वर्षं कशी टिकली?

भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी या गावात फील्डवर्क करून १९९६ मध्ये या भाषेवर पुस्तक लिहिलं. त्यात मिळणारी कारणं मला महत्त्वाची वाटतात. एक, धर्म आणि जात या दोन्हींमुळे ही वस्ती शेजारच्या हिंदू आणि मुसलमान समाजापासून वेगळी राहिली. लग्नं आतल्या आतच होत. दोन, जागा आडबाजूची. आणि तीन, चर्च. तिथे माउंट कार्मेल मातेच्या चर्चमध्ये पोर्तुगीज जाणणारे धर्मगुरू येत राहिले. राज्य बदललं तरी चर्चची व्यवस्था पोर्तुगालच्या आश्रयाशी जोडलेली होती. मिस्सा लॅटिनमध्ये, पण प्रार्थना आणि धर्मशिक्षण पोर्तुगीजमध्ये. हे विसाव्या शतकाच्या मध्यानंतरही काही वर्षं चालू होतं.

म्हणजे काय झालं असेल, डोळ्यांसमोर आणा. शेतात, होडीवर, बाजारात मराठी. घरात नोव लिंग. आणि चर्चमध्ये प्रार्थनेला त्या बोलीची थोरली बहीण, प्रमाण पोर्तुगीज. ज्या भाषेला बाजारात किंमत नाही, सरकारात जागा नाही, तिच्याशी नातं असलेली भाषा देवापुढे मात्र चालते. लहान मूल ती ऐकत ऐकत मोठं होतं. प्रभूच्या प्रार्थनेत "माझा" नाही, "आमचा" आहे. ती एकट्याने म्हटली तरी अनेकवचनातच म्हणावी लागते. अशा वस्तीत त्या "आमचा"ला फार ठोस अर्थ येतो. आम्ही कोण, तर हे शब्द एकत्र म्हणणारे.

प्रार्थनेचं सामर्थ्य म्हणून इतिहासकाराला दाखवता येईल ते हे. तिने चमत्कार केला असं मी म्हणत नाही. तिने एका छोट्या वस्तीला स्वतःची ओळख पुन्हा पुन्हा, तोंडाने, मोठ्याने सांगायला लावली.

थांबा, इथे टाळ्या वाजवू नका. सिनॉप्सिस इथेच संपवला तर व्हायवात बाहेरचे परीक्षक तुम्हाला पकडतील. "प्रार्थनेमुळेच भाषा टिकली हे कशावरून?" मग तुलना करा. वसई पोर्तुगीजांकडे होती १५३४ ते १७३९. ख्रिस्ती समाज कोर्लईपेक्षा कितीतरी मोठा. पोर्तुगीज परंपरेतले धर्मगुरू तिथेही होते. मुंबई आणि साष्टीकडच्या ख्रिस्ती वस्त्यांतही पोर्तुगीजमधून आलेली मिश्र बोली होती. सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी १९०६ मध्ये त्या उत्तरेकडच्या बोलीवर अभ्यास प्रसिद्ध केला. आज तिकडे काय ऐकू येतं? वसईत सामवेदी, वाडवळी. मुंबईत ईस्ट इंडियन मराठी आणि इंग्रजी. ती पोर्तुगीज बोली विरून गेली.

म्हणजे प्रार्थना एकटी पुरी पडत नाही. मुंबईत इंग्रजी शाळा होत्या, नोकऱ्या होत्या. कोर्लईत त्या नव्हत्या. प्रार्थनेच्या जोडीला आडबाजूची जागा आणि आतल्या आत लग्नं होती म्हणून तिचा परिणाम दिसला. "कारण" आणि "कारणांपैकी एक" यातला फरक थिसिसमध्ये प्रत्येक पानावर जपावा लागतो.

आता गोष्टीची दुसरी बाजू. प्रार्थना परक्या भाषेत जपल्याने वस्ती टिकते, पण म्हणणाऱ्याला अर्थ किती कळतो? हा वाद जुना आहे. इंग्लंडहून १५७९ मध्ये गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये "ख्रिस्तपुराण" छापलं, तेही मराठीत, ओवीत. नव्या ख्रिस्ती लोकांना जुन्या पुराणांच्या जागी काहीतरी हवं होतं, आणि ते त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच छंदात हवं हे स्टीफन्सना उमगलं होतं. पुढे १६८४ मध्ये गोव्याच्या सरकारने लोकांच्या भाषेविरुद्ध फर्मान काढलं तो भाग वेगळा. तिकडे घाटावर, प्रोटेस्टंट परंपरेत, रेव्हरंड ना. वा. टिळकांनी प्रार्थना अभंगात आणि कीर्तनात आणली. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशनमध्ये साध्या बायकांना कळेल असं बायबलचं मराठी भाषांतर केलं. ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. १९०५ मध्ये केडगावला जे मोठं धार्मिक जागरण झालं, त्याच्या आधी तिथे रोजचे प्रार्थनागट सुरू झाले होते. दुष्काळातून आलेल्या मुली, विधवा, ज्यांना घरात मोठ्याने बोलायची मुभा नव्हती, त्या तिथे सगळ्यांसमोर स्वतःच्या शब्दांत देवाशी बोलत होत्या. हेही प्रार्थनेचंच सामर्थ्य, पण कोर्लईपेक्षा अगदी वेगळं. तिकडे वारशाने आलेले शब्द, इकडे नव्याने सापडलेला आवाज.

कोर्लईतही हा बदल आला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकांच्या भाषेत उपासना करायला परवानगी दिली, आणि त्या दशकात कोर्लईच्या चर्चमध्ये पोर्तुगीजची जागा मराठीने घेतली. फायदा उघड आहे. शाळेत मराठी शिकलेल्या मुलांना मिस्सा कळायला लागली. धर्मगुरूचं प्रवचन कळायला लागलं. पण नोव लिंगच्या मागे उभी असलेली थोरली बहीण निघून गेली. पुढे खाडीवर पूल झाला, रस्ते झाले, मुलं शिकायला आणि नोकरीला बाहेर पडली. आज ही भाषा धोक्यात असलेल्या भाषांमध्ये मोजली जाते.

हे चांगलं झालं की वाईट? मला विचाराल तर संशोधक म्हणून मी दोन्ही रकाने भरते आणि बेरीज करत नाही. कळणारी प्रार्थना हा त्या लोकांचा हक्कच होता. कोणीतरी भाषा जपावी म्हणून त्यांनी न कळणारे शब्द म्हणत राहावं, असं धाटावच्या माझ्या घरात पंख्याखाली बसून मी कोण सांगणार? पण त्या बदलात काय गेलं, हे लिहून ठेवणं मात्र माझं काम आहे. पोर्तुगीजमध्ये प्रार्थना शिकलेली पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे. हा दस्तऐवज कुठल्याही दप्तरात नाही, माणसांच्या तोंडी आहे, आणि तो दरवर्षी कमी होतो आहे.

तेव्हा असा विषय घ्यायचा असेल तर तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, "प्रार्थना खरी ठरली का?" हा प्रश्न सोडा. "या प्रार्थनेने लोकांकडून काय करवून घेतलं?" हा धरा.

दुसरी, एकाच गावावर थांबू नका. तेच कारण असून निकाल वेगळा लागला अशी दुसरी जागा शोधा. कोर्लईला वसई आणि मुंबईच तपासून बघते.

तिसरी, आणि ही मला सगळ्यात उशिरा कळली: तुमचा निष्कर्ष म्हणजे त्यांच्या प्रार्थनेचा अर्थ नव्हे. मी लिहीन की प्रार्थनेने भाषा टिकवायला मदत केली. पण गुडघे टेकणाऱ्या कोणीही भाषा टिकवण्यासाठी प्रार्थना केली नव्हती. कोणाची होडी वादळात होती, कोणाचं मूल तापाने फणफणलं होतं. भाषा टिकली ती जाता जाता. हे वाक्य थिसिसमध्ये कुठेतरी यायलाच हवं, नाहीतर आपण गॅल्टनचीच चूक दुसऱ्या टोकाने करतो.

माझ्या प्रश्नावलीतला तिसरा प्रश्न आता असा आहे: "ही प्रार्थना तुम्हाला कोणी शिकवली?" उत्तराला एक ओळ ठेवली होती. गाईडनी ती बघितली आणि म्हणाले, अख्खं पान ठेव.