निळा प्रकाश आणि पिवळी काच : प्रवाळांच्या छायाचित्रणाच्या इतिहासातील एक प्रश्न

१

समुद्रातील प्रवाळ काचेच्या हौदात जिवंत ठेवण्याची विद्या गेल्या अर्धशतकात पुष्कळ पुढे गेली आहे. अशा हौदावर बहुधा गडद निळा प्रकाश सोडलेला असतो. पाहणाऱ्याच्या डोळ्यांना त्या प्रकाशात प्रवाळांचे हिरवे, केशरी, गुलाबी रंग झळाळताना दिसतात. परंतु तेच दृश्य कॅमेऱ्याने टिपले असता चित्रभर निळा रंग पसरतो आणि बाकीचे रंग त्यात बुडून जातात. यावर सर्वत्र योजला जाणारा उपाय म्हणजे भिंगापुढे पिवळी किंवा नारिंगी काच बसविणे. या काचेने चित्र 'खऱ्या रंगांत' येते, असे सामान्यतः सांगण्यात येते.

हे विधान कितपत ग्राह्य मानावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. रंगीत काचेला इंग्रजीवरून आलेला 'फिल्टर' हा शब्द आता आपल्या भाषेत रुळला आहे. परंतु तिचे कार्य 'गाळणी' या आपल्या जुन्या शब्दात अधिक स्पष्टपणे व्यक्त होते. गाळणी काही अडविते, काही जाऊ देते. स्वतः होऊन काही घालीत नाही. पिवळी काच पिवळा रंग देत नाही, ती निळा रंग अडविते. मग जो रंग तिने दिलेलाच नाही, तो 'परत मिळाला' असे आपण कशाच्या आधारे म्हणतो? या प्रश्नाचे उत्तर भौतिकशास्त्राइतकेच इतिहासातही शोधावे लागते.

२

पाण्याखालील छायाचित्रणाचा आरंभ फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लुई बुताँ याच्यापासून मानला जातो. भूमध्य समुद्राच्या काठी बान्यूल्स येथील प्रयोगशाळेत त्याने १८९३ मध्ये, आपल्या भावाच्या साहाय्याने तयार केलेल्या कॅमेऱ्याने, समुद्रतळाची चित्रे घेतली. नैसर्गिक प्रकाशात काही चित्रांना अर्धा अर्धा तास लागे. त्याने भिंगापुढे रंगीत काच लावून पाहिली. ती काच निळी होती, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. आज आपण जो रंग अडवू पाहतो, तोच बुताँने निवडून घेतला. त्याला रंग दाखवावयाचे नव्हते, आकार स्पष्ट करावयाचे होते. आणि त्या काळच्या साध्या काचपट्ट्या निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच मुख्यतः प्रतिसाद देत. प्रश्न निराळा, म्हणून गाळणी निराळी.

काचपट्ट्यांची ही एकांगी दृष्टी सुधारण्याची वाट हेर्मान फोगेल या जर्मन रसायनज्ञाने १८७३ मध्येच दाखविली होती. पट्टीवरील लेपात विशिष्ट रंगद्रव्य मिसळले तर ती इतर रंगांनाही प्रतिसाद देते, असे त्याला आढळले. १९०६ मध्ये इंग्लंडमधील रॅटन आणि वेनराइट या संस्थेने सर्व दृश्य रंग टिपणाऱ्या पट्ट्या विक्रीस आणल्या. गाळण्यांची रॅटन क्रमांकांची पद्धतीही याच परंपरेतील होय. १९०७ मध्ये ल्युमिएर बंधूंची ऑटोक्रोम ही रंगीत पट्टी बाजारात आली. रंगविलेल्या बटाट्याच्या पिष्टकणांच्या थरातून प्रकाश गाळून ती रंग टिपी. परंतु निळ्याकडे असलेला तिचा अतिरिक्त कल आवरण्यासाठी भिंगापुढे पिवळसर-नारिंगी काच लावणे आवश्यक असे. निळ्याच्या अतिरेकावर पिवळी काच हा उपाय म्हणजे प्रवाळांच्या हौदासाठी लागलेला नवा शोध नव्हे. व्यवहारात उतरलेल्या रंगीत छायाचित्रणाच्या जन्मापासून तो त्याच्या सोबत आहे.

पाण्याखालचे पहिले रंगीत छायाचित्रही याच पट्टीवर घेतले गेले. १९२६ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ विल्यम लाँगली आणि छायाचित्रकार चार्ल्स मार्टिन यांनी फ्लोरिडाजवळील ड्राय टॉर्टुगास बेटांपाशी, तराफ्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवून तिच्या क्षणिक झोतात माशांची चित्रे घेतली. ती नॅशनल जिऑग्राफिक मासिकाच्या जानेवारी १९२७ च्या अंकात प्रसिद्ध झाली. या उद्योगात पुडीचा स्फोट होऊन लाँगली भाजला होता. इतका धोका पत्करण्याचे कारण असे की, पाणी तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषून घेते आणि काही मीटर खोलीवर तो जवळजवळ उरतच नाही. जो प्रकाश उरलेलाच नाही, तो कोणतीही गाळणी परत आणू शकत नाही. तो वरूनच आणावा लागतो.

३

येथे एक भाषाविषयक निरीक्षण नोंदविणे आवश्यक वाटते. आपल्या काव्यपरंपरेत पोवळे म्हणजे लालीचे परिमाण. ओठांना प्रवाळाची उपमा संस्कृतापासून चालत आली आहे. हा लाल रंग भूमध्य समुद्रातून व्यापारमार्गाने येणाऱ्या तांबड्या पोवळ्याच्या सांगाड्याचा आहे. ते पोवळे स्वतःच्या वसतिस्थानी, खोल पाण्यात, लाल दिसत नाही. दिवा न्यावा तेव्हाच ते लाल होते, एरवी काळपट भासते. म्हणजे भाषेने जो रंग 'पोवळ्याचा' म्हणून स्वीकारला, तो समुद्राचा नसून सराफाच्या पेढीवरील उन्हाचा आहे. हा भाषेचा दोष नव्हे. वस्तूचा रंग म्हणून आपण जो सांगतो, तो कोणत्यातरी प्रकाशातील रंग असतो. नेहमीचा प्रकाश कोणता हे सर्वांनी गृहीत धरलेले असते, म्हणून त्याचा उच्चार होत नाही, इतकेच.

हे गृहीत सुटले म्हणजे काय होते, याचे उदाहरण अमेरिकन निसर्गशास्त्रज्ञ विल्यम बीब याच्या सागरावतरणात मिळते. १९३० पासून बर्म्युडाजवळ तो पोलादी गोलकात बसून समुद्रात उतरू लागला आणि १५ ऑगस्ट १९३४ रोजी ३,०२८ फूट खोलीपर्यंत पोहोचला. जे दिसे त्याचे वर्णन तो दूरध्वनीवरून वर सांगे, ग्लोरिया हॉलिस्टर ते टिपून घेई आणि अशा वर्णनांवरून एल्झा बोस्टेलमन चित्रे रंगवी. तेथे भिंगापुढे काच नव्हती; शब्द हीच गाळणी होती. खाली उतरताना एकेक रंग नाहीसा होत जाऊन उरलेल्या निळ्यासाठी आपल्या भाषेत शब्द नाही, ही जाणीव बीबच्या लेखनात वारंवार प्रकट होते.

४

आतापर्यंतच्या विवेचनात वस्तूवर पडलेला प्रकाश परत येतो, एवढेच गृहीत धरले होते. प्रवाळांच्या बाबतीत ते अपुरे ठरते. इंग्लंडमधील पदार्थवैज्ञानिक जॉर्ज स्टोक्स याने १८५२ मध्ये दाखवून दिले की, काही पदार्थ एका रंगाचा प्रकाश शोषून त्याहून अधिक तरंगलांबीचा, म्हणजे निराळ्या रंगाचा, प्रकाश बाहेर टाकतात. या घटनेचे इंग्रजी नाव त्याने फ्लुओरस्पार या खनिजावरून घडविले. मराठीतील 'अनुस्फुरण' ही संज्ञा खनिजाकडे न पाहता क्रियेकडे पाहते : आधी प्रकाश पडतो, त्याला अनुसरून दुसरा स्फुरतो. हा मंद प्रकाश वेगळा पाडण्यासाठी स्टोक्सने वापरलेली युक्ती अशी की, पदार्थावर निळ्या काचेतून प्रकाश टाकावा आणि तो पिवळ्या काचेतून पाहावा. आजच्या प्रवाळ-छायाचित्रणाची संपूर्ण रचना या युक्तीत आहे.

समुद्रातील प्राण्यांत हा गुण असल्याची नोंद पुढे होत गेली. १९२७ मध्ये सी. ई. एस. फिलिप्स याने इंग्लंडच्या टॉर्बे किनाऱ्यावरील समुद्रपुष्पांचे अनुस्फुरण 'नेचर' या नियतकालिकात नोंदविले. १९४४ मध्ये सिरो कावागुती याने पालाओ बेटांवरील जपानी संशोधनकेंद्रातून प्रवाळांतील हिरव्या अनुस्फुरक द्रव्याचे वर्णन प्रसिद्ध केले. न्यू कॅलिडोनियातील नूमेआ येथे रने काताला याने १९५६ मध्ये मत्स्यालय उघडले आणि जिवंत प्रवाळ अतिनील दिव्यांखाली ठेवून हे दृश्य लोकांना दाखविले. १९९९ मध्ये रशियन संशोधकांच्या एका गटाने प्रवाळवर्गीय प्राण्यांतील अशा प्रथिनांची जनुके वेगळी केली. त्यांतील लाल रंगाचे प्रथिन पुढे जगभरच्या जीवशास्त्रीय प्रयोगशाळांत उपयोगात आले.

हौदावरील प्रकाश निळा का, याचेही कारण यात अंशतः आहे. प्रवाळाच्या देहात राहणारी सूक्ष्म शैवले निळा प्रकाश उत्तम रीतीने शोषून अन्न तयार करतात. म्हणून तो प्रवाळाला मानवतो. त्याच प्रकाशाने अनुस्फुरण चेतविले जाते. म्हणून तो मालकालाही आवडतो. पूर्वी हे काम सुमारे ४२० नॅनोमीटरच्या नळीदिव्यांकडे असे. शुजी नाकामुरा याने १९९३ मध्ये तेजस्वी निळा एलईडी सिद्ध केल्यानंतर, काही वर्षांत सुमारे ४५० नॅनोमीटरच्या निळ्या दिव्यांनी ती जागा घेतली.

५

आता कॅमेऱ्याकडे वळू. आजच्या बहुतेक अंकीय कॅमेऱ्यांत ब्राइस बेयर याने १९७६ मध्ये पेटंट मिळविलेली रचना असते : संवेदकाच्या प्रत्येक चार बिंदूंपैकी दोन हिरव्या, एक तांबड्या आणि एक निळ्या सूक्ष्म गाळणीखाली. गडद निळ्या प्रकाशात निळे बिंदू काठोकाठ भरून ओसंडतात, तर तांबडे जवळजवळ रिकामे राहतात. श्वेतसंतुलन नंतर कितीही फिरविले, तरी ओसंडून गेलेली माहिती परत येत नाही, आणि रिकाम्या तांबड्या बिंदूंना गुणून वाढविले तर रंगाबरोबर दाणेदारपणाही वाढतो. म्हणून निळा प्रकाश संवेदकावर पडण्यापूर्वीच अडवावा लागतो. काच लावल्यावर उद्भासनकाळ वाढविता येतो आणि तांबड्या-हिरव्या बिंदूंना आपला वाटा मिळतो.

परंतु काच एक नाही. फिकट नारिंगी काच निळा काही अंशी कमी करते. तिने हौद साधारणपणे डोळ्यांना दिसतो तसा भासतो. गडद पिवळी काच सुमारे ५०० नॅनोमीटरखालील प्रकाश जवळजवळ पूर्ण अडविते. तिच्यातून पाणी व खडक काळे पडतात आणि केवळ अनुस्फुरण उरते. पहिली काच 'पाहणाऱ्याला काय दिसले' याचे उत्तर देते, दुसरी 'प्रवाळाने स्वतः कोणता प्रकाश टाकला' याचे. दोन्ही उत्तरे खरी आहेत. दोन्ही एकाच नावाखाली छापली, तर मात्र दोन्ही खोटी ठरतात.

हा केवळ तात्त्विक काथ्याकूट नव्हे. पुष्कळ प्रवाळ चित्र पाहून विकत घेतले जातात. निळ्या प्रकाशात केशरी दिसलेला तुकडा पांढऱ्या प्रकाशात तपकिरी निघतो. याहून गंभीर बाब शास्त्राची आहे. पाणी तापल्याने शैवले निघून जाऊन प्रवाळ पांढरे पडणे ही आजच्या सागरविज्ञानातील एक मोठी चिंता आहे, आणि तिचे एक मापन रंगावरूनच केले जाते. क्वीन्सलँड विद्यापीठाच्या कोरलवॉच या उपक्रमाचा २००२ पासूनचा रंगतक्ता याच तत्त्वावर आधारलेला आहे. त्यातच साउदॅम्प्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये दाखविले की, शैवले गमावलेले काही प्रवाळ अधिक अनुस्फुरक द्रव्य तयार करून विलक्षण रंगीत होतात. ती त्यांची आत्मरक्षणाची धडपड असते. म्हणजे सर्वांत मोहक चित्र आजारी प्रवाळाचे असू शकते. अशा वेळी प्रकाश व काच यांची नोंद नसलेले छायाचित्र पुरावा म्हणून स्वीकारणे धोक्याचे आहे.

६

बोलीचे नमुने गोळा करणारा अभ्यासक बोलणारा कोण, गाव कोणते, प्रसंग कोणता, हे नमुन्याशेजारी लिहितो. कारण लेखनात उतरताना उच्चारातील काही ना काही गाळले जातेच, आणि काय गाळले गेले हे वाचकाला कळले पाहिजे. छायाचित्रालाही हाच नियम लावावयास हवा. प्रवाळाच्या चित्राखाली दिव्याचा प्रकार, काचेचा प्रकार आणि श्वेतसंतुलन कशावर केले, या तीन गोष्टी असाव्यात. शक्य तेथे त्याच प्रवाळाची दोन चित्रे द्यावीत : एक पांढऱ्या प्रकाशात, काचेविना, करड्या मापनपट्टीसह, दुसरे निळ्या प्रकाशात, पिवळ्या काचेतून.

बुताँची निळी काच, ल्युमिएरांची नारिंगी आणि स्टोक्सची पिवळी यांपैकी कोणतीही 'खऱ्या रंगाची' काच नव्हती. प्रत्येक काच एकेका प्रश्नासाठी निवडलेली होती. निवडणाऱ्याने आपला प्रश्न कोणता होता हे चित्राशेजारी सांगितले, म्हणजे त्या चित्राला साधनाची योग्यता येते. तोवर ते केवळ देखणे राहते.