आसवाचे बळ

तांबड्या द्राक्षमद्याचा रंग रसात नसून सालीत असतो, ही गोष्ट आमच्या पुष्कळ वाचकांस नवी वाटेल. रस आंबू लागला की त्यातून कर्बाम्ल वायू निघतो. सोड्याच्या बाटलीत फसफसतो तोच हा. तो साली वर लोटतो व त्यांचा जाड थर रसावर तरंगू लागतो. हा थर वारंवार भिजविला नाही, तर रंग पुरता उतरत नाही आणि थर शिरक्याप्रमाणे आंबून नासतो.

पोर्तुगालमधील दौरो नदीच्या खोऱ्यात हे काम पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या पायांनी केले. पोर्ट मद्यात दोन-तीन दिवसांतच द्राक्षांचा तीव्र मद्यार्क घालून आंबवण थांबवितात. सारा रंग तेवढ्या अवधीत काढावयाचा. म्हणून दिवसभर द्राक्षे तोडून थकलेले मजूर रात्री दगडी हौदांत उतरत आणि एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून रांगेने रस तुडवीत. पाहुण्यांस हे दृश्य रम्य वाटे. तुडविणाऱ्यांस ती मजुरीच होती.

1961 साली अंगोलात युद्ध पेटले. खोऱ्यातील तरुण कोणी सैन्यात गेले, कोणी पोटासाठी फ्रान्सात. तुडविण्यास माणसे मिळेनात, आणि कित्येक मळ्यांत वीज नसल्यामुळे पंपही चालविता येईना. तेव्हा उपाय आला तो अल्जीरियाहून. तेथे फ्रेंच अमलात ड्युसेलिए व इस्मान यांच्या नावांनी ओळखली जाणारी टाकी पूर्वीच प्रचारात आली होती. तिची रचना मोठी मौजेची. बंद टाकीत वायू कोंडतो. त्याच्या दाबाने रस नळीवाटे माथ्यावरील उघड्या हौदात चढतो. दाब पुरेसा वाढला की पाण्याने रोखलेली झडप उसळते, वायू निसटतो आणि वरचा रस सालींवर कोसळतो. मग पुन्हा तेच. भाताच्या तपेल्यावरील झाकण उडावे तसा हा प्रकार. फरक इतकाच की येथे चूलही लागत नाही.

यंत्र निर्दोष मात्र नव्हते. आंबवण जोमात येईपर्यंत ते स्वस्थ बसे, आणि केवळ वायूच्या जोरावर रस थंड राखणे त्यास शक्य नव्हते. पायांनी तुडविलेल्या मद्याची सर त्यास येत नाही, असे मानणारे जाणकारही होते. काहींनी उत्तम मालासाठी जुने हौद राखून ठेवले.

आज इंधनाची बचत हा परवलीचा शब्द झाला आहे, आणि इटलीत तयार होणाऱ्या नव्या टाक्याही त्याच वायूच्या बळावर साली हलवितात. आम्हांस त्यांचे कौतुक आहेच. परंतु दौरोतील मळेवाल्यांनी ही युक्ती स्वीकारली ती निसर्गप्रेमाने नव्हे, माणसे व वीज यांच्या टंचाईने. पुढे खोऱ्यात वीज आली. तिथल्या काही मळ्यांत आता विजेवर चालणारे यांत्रिक पाय पोलादी हौदांत रस तुडवितात.