दुसरा श्वास



इतिहास म्हटला की आपल्यापुढे राजे, तह आणि लढाया उभ्या राहतात. आज मी आपणांस मुठीत मावेल एवढ्या एका वस्तूचा इतिहास सांगणार आहे. पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून पाण्याखाली जाणारा पाणबुड्या जिच्यातून श्वास घेतो, त्या वस्तूला रेग्युलेटर म्हणतात. सिलिंडरातील हवा वातावरणाच्या सुमारे दोनशेपट दाबाने कोंबलेली असते. तिचा दाब भोवतालच्या पाण्याइतका उतरवून, मागणी होईल तेव्हाच आणि मागणीपुरतीच ती द्यावयाची, हे रेग्युलेटरचे काम. तो बिघडला तर हाताशी असणारा दुसरा कसा निवडावा, हा आजचा प्रश्न. प्रश्न लहान दिसतो. परंतु त्याचे उत्तर प्राण वेचून मिळालेले आहे.

मूळ कल्पना खाणीतली. बन्वा रुकेरोल या फ्रेंच खाण-अभियंत्याने १८६० मध्ये अशा यंत्राचे पेटंट घेतले आणि ओग्युस्त दनेरूझ या नौदल अधिकाऱ्याच्या साहाय्याने १८६४ च्या सुमारास ते पाण्यात उतरवले. पुढे महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली, तेव्हा एमील गान्यां या अभियंत्याने मोटारी गॅसवर चालवण्यासाठी एक नियामक झडप तयार केली. १९४३ मध्ये झाक-इव्ह कूस्तो यांच्याबरोबर त्यांनी तीच कल्पना श्वासासाठी वापरली, आणि माणूस माशासारखा मोकळा फिरू लागला. परंतु तोंडात धरावयाची वस्तू एकच होती. सोबत्याची हवा संपली तर दोघांनी ती आळीपाळीने तोंडात घ्यावयाची, एवढाच उपाय. उथळ पाण्यात हे साधे. घाबरलेल्या माणसाला खोल अंधारात साधत नाही.

२७ ऑगस्ट १९४६ रोजी दक्षिण फ्रान्समधील फोंतेन द व्होक्लूज या झऱ्याच्या विवरात कूस्तो आणि फ्रेदेरिक द्यूमा उतरले. दोघांपाशी स्वतंत्र यंत्रे होती आणि ती बिनचूक चालत होती. तरीही दोघांनाही भ्रम झाला आणि ते मरणाच्या दारातून परत आले. वर दोर धरून बसलेल्या मोरिस फार्ग यांनी ओढून घेतले म्हणूनच वाचले. मागाहून उलगडा झाला की, सिलिंडर भरणाऱ्या यंत्राचा स्वतःचाच धूर त्या हवेत मिसळला होता. एकाच विषाने दोघेही एकदम निकामी झाले होते. जे पहिल्याच्याच कारणाने बुडते, ते दुसरे नव्हेच, हा धडा येथे मिळतो.

१९५२ मध्ये ऑस्ट्रेलियातील टेड एल्ड्रेड यांचे एकनळी यंत्र बाजारात आले. यात सिलिंडरावर पहिला टप्पा, तोंडाशी दुसरा टप्पा आणि मध्ये एक बारीक नळी. अशा पहिल्या टप्प्याला आणखी एक नळी जोडणे सोपे झाले. १९६० नंतरच्या दशकात हे जादा मुखयंत्र वापरात आले आणि त्याच्या लोंबत्या नळ्यांमुळे त्याला ‘ऑक्टोपस’ असे नाव पडले. सोय मोठी होती, पण मूळ एकच राहिले. पहिला टप्पा बिघडला की दोन्ही तोंडे एकदम निरुपयोगी.

समुद्रात हे कदाचित निभावेल, कारण डोक्यावर पाण्याचा पृष्ठभाग असतो. फ्लोरिडातील चुनखडीच्या गुहांत डोक्यावर खडक असतो. तेथील पाणबुडे एकामागून एक मरू लागले, तेव्हा शेक एक्स्ली या गणिताच्या शिक्षकाने अपघातांची चिकित्सा केली आणि १९७९ मध्ये एक छोटे पुस्तक लिहिले. बाहेरपर्यंत अखंड दोरी ठेवा. एकतृतीयांश हवेत आत जा, एकतृतीयांशात परत या, उरलेली संकटासाठी राखा. असे त्यातील नियम. दोन सिलिंडर, त्यांना जोडणारी नळी आणि तीवर दोन स्वतंत्र झडपा, ही रचनाही या गुहांच्याच काळात रूढ झाली.

दोन झडपा का? कारण आजचे रेग्युलेटर बिघडले म्हणजे बहुधा बंद पडत नाहीत, उघडे राहतात. तीस मीटर खोलीवर दाब वातावरणाच्या चौपट असतो. वर मिनिटाला वीस लिटर लागणारा श्वास तेथे ऐंशी लिटर खातो. उघड्या रेग्युलेटरमधून तर थोड्याच मिनिटांत सारा साठा निघून जातो. म्हणून गळकी बाजू बंद करून दुसऱ्या बाजूने श्वास चालू ठेवता आला पाहिजे.

यावरून निवडीच्या कसोट्या आपोआप ठरतात. दुसऱ्या रेग्युलेटरचा पहिला टप्पा वेगळा आणि वेगळ्या झडपेवर असावा. तो पहिल्याच्याच तोडीचा असावा; जुना, स्वस्त, अडगळीतला नव्हे, कारण त्याची गरज लागते ती सर्वांत खोल आणि सर्वांत घाबरलेल्या क्षणी. सिलिंडर रिकामे होत आले तरी श्वास जड होऊ नये. थंड पाण्यात जावयाचे असेल तर आतील भाग पाण्यापासून बंदिस्त असावा. हवा प्रसरण पावताना इतकी गार होते की बर्फ धरून झडप उघडीच अडकते. आणि प्रत्येक बुडीपूर्वी त्यातून श्वास घेऊन पाहावा.

शेवटची कसोटी मला सर्वांत मोलाची वाटते. अरुंद बोगद्यात दोघे शेजारी पोहू शकत नाहीत, म्हणून एका रेग्युलेटरला सुमारे दोन मीटरांची लांब नळी असते. पाणबुड्या तोच तोंडात धरतो आणि संकटात तोच सोबत्याला देतो. स्वतः गळ्यातल्या रबरी फासातला दुसरा घेतो. कारण जो या क्षणी चालतो आहे याची खात्री आहे, तोच गुदमरणाऱ्याला द्यावयाचा. राखीव ठेवायचा तो स्वतःसाठी, म्हणूनच तो निवडताना कोणी कंजुषी करीत नाही.

एक्स्ली स्वतः ६ एप्रिल १९९४ रोजी मेक्सिकोतील साकातोन या अतिखोल कुंडात गेले ते जिवंत परतले नाहीत. उपकरण कितीही निवडले तरी अथांगता आपला कर घेतेच. पण त्यांच्या नियमांनी सावध झालेले कितीतरी जण आज दोरी धरून उजेडात परत येतात. पहिला श्वास निसर्ग देतो, श्रोतेहो. दुसरा माणसाने आधी विचार करून ठेवावा लागतो.