तांबे, पाणी आणि दोन जिवाणू



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ आज आपण जमलो आहोत, ते विज्ञानाचा धडा आपल्याच जिल्ह्यातील दगड हाती घेऊन सुरू करीत. मीही त्याच वाटेने जातो.

आपल्या बालाघाट जिल्ह्यास भरवेलीचे मँगनीज आणि मलांजखंडचे तांबे लाभले आहे. हिंदुस्तान कॉपरची मलांजखंड येथील खाण १९८२ साली कार्यान्वित झाली. तेथील तांबे गंधकाशी जखडलेले आहे. अशा खाणींतील गंधकयुक्त दगड हवापाण्यात उघडा पडला की आम्ल तयार होते. ते तांबे व इतर धातू विरघळवून ओढ्यानाल्यांपर्यंत नेऊ शकते.

हा केवळ दगडाचा गुणधर्म, अशी दीर्घकाळ समजूत होती. १९४७ साली कोल्मर आणि हिंकल यांनी कोळशाच्या खाणींतील आम्लयुक्त पाणी तपासून या क्रियेस वेग देणारा जिवाणू दाखवून दिला. पुढे त्याच जातकुळीचे जिवाणू उपयोगीही ठरले. भुवनेश्वरच्या संशोधकांनी मलांजखंडच्या हलक्या प्रतीच्या खनिजातून त्यांच्याकरवी तांबे काढण्याचे प्रयोग केले.

परंतु पाणी शुद्ध कोणी करावे? त्याचे उत्तर अर्धशतक आधीच मिळाले होते. १८९५ साली हॉलंडमधील डेल्फ्ट येथे बायरिंक यांना हवेवाचून जगणारा एक जिवाणू सापडला. तो पाण्यातील सल्फेटपासून कुजक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू निर्माण करतो. विरघळलेल्या तांब्याशी वा जस्ताशी या वायूची गाठ पडताच धातूचा न विरघळणारा साका तळाशी बसतो. याच तत्त्वावर १९९२ साली हॉलंडमधील बुडेल येथील जस्ताच्या कारखान्यात दूषित भूजल शुद्ध करणारे मोठे संयंत्र सुरू झाले. शोध आणि उपयोग यांत सत्त्याण्णव वर्षे गेली.

मित्रहो, एक गोष्ट विसरू नका. जिवाणू धातू नाहीसा करीत नाहीत. त्याची केवळ जागा बदलतात. साक्याला पुन्हा हवा लागली तर पहिला जिवाणू आपले काम नव्याने आरंभील. दुसऱ्या जिवाणूस अन्न पुरवावे लागते, साका सांभाळावा लागतो, आणि हे एका पिढीत आटोपत नाही. खाण एक दिवस बंद होईल. तिचे टाकाऊ दगड मात्र येथेच राहतील. तांबे आमच्या पिढीने वापरले. त्या दगडांवरून वाहणारे पाणी तुमच्या वाट्यास येणार आहे. त्याची राखण कोणी करावयाची, हे खाण चालू असतानाच ठरले पाहिजे.