सेबुआनोतील लोपणे आणि इंग्रजी पर्याय

फिलिपिन्समधील सेबू बेटावर आणि आसपासच्या प्रदेशात बोलल्या जाणाऱ्या सेबुआनो भाषेत नाहीसे होण्याच्या निरनिराळ्या तऱ्हांना निरनिराळी क्रियापदे आहेत. कापडाचा रंग विटतो तेव्हा 'लुबाद', पान सुकते तेव्हा 'लाया', पाणी आटते तेव्हा 'हुबास' आणि एखादी गोष्ट दिसेनाशी होते तेव्हा 'हानाव'. 'मा' हा उपसर्ग लागला की लोपणे अजून व्हायचे असते, 'ना' लागला की ते घडून गेलेले असते : 'माहानाव', 'नाहानाव'.

इंग्रजीत रंग, फूल, आवाज, आठवण या साऱ्यांना 'फेड' हे एकच क्रियापद चालते. विटणे, सुकणे, आटणे, लोपणे असा भेद करणाऱ्या मराठी वाचकाला म्हणूनच सेबुआनो अधिक जवळची वाटेल.

तरीही हे शब्द आपल्यापर्यंत इंग्रजीतूनच येतात, आणि त्यामागे इतिहास आहे. १८९८ मध्ये फिलिपिन्स स्पेनकडून अमेरिकेकडे गेले. १९०१ च्या कायद्याने इंग्रजी हे शाळांचे माध्यम झाले. जॉन वुल्फ यांचा १९७२ चा साक्षेपी सेबुआनो कोशही अर्थ इंग्रजीतच देतो. मोल्सवर्थचा मराठी कोश (१८३१) आठवला, की ही परिस्थिती आपल्याला परकी वाटत नाही.

२०१३ च्या कायद्याने प्राथमिक शाळेच्या सुरुवातीच्या इयत्तांत मातृभाषा हे माध्यम झाले. २०२४ च्या कायद्याने ती सक्ती उठली. सेबुआनो आजही कोट्यवधींच्या तोंडी आहे. पण जे भेद वर्गात शिकवले जात नाहीत ते बोलण्यातूनही हळूहळू गळतात, असे आम्हांस वाटते. त्या भेदांपुढे आज 'मा' लावायचा की 'ना', हे शाळाच ठरवतील.